लग्न ठरेपर्यंत म्हण बंद

पेणला गिरजाबाईंच्या घरी माझ्या तोंडून जी म्हण गेली ती मी इथे लिहिणार नाही. एकदा गेली तेवढी पुरे. इतकंच सांगतो, की त्या म्हणीत एक म्हातारी आहे आणि शेवटी तिचं फारसं बरं होत नाही.

तोपर्यंत बोलणी उत्तम चालली होती. आमची मनस्वी आणि गिरजाबाईंचा प्रणित नागोठण्याला एकाच ऑफिसात आहेत. त्यांचं आपसांत ठरलेलंच होतं. आम्हां मोठ्या माणसांनी फक्त एकत्र बसून ते आपण ठरवलं असं दाखवायचं होतं. गिरजाबाईंचा पापडांचा धंदा. पलीकडच्या खोलीत पापड लाटणाऱ्या बायका, गच्चीवर पापड, पोह्यांबरोबर पापड, चहाबरोबरही पापड. चहा घेता घेता गिरजाबाई म्हणाल्या, "पोरगी घरात आली की मी सगळा कारभार तिच्या हातात देऊन मोकळी होणार बघा."

यावर मुलीच्या बापाने काहीतरी बोलायला हवं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बोललो.

"म्हातारी कोण?" गिरजाबाईंनी विचारलं.

"म्हणीतली," मी म्हणालो.

"पण बघत होतात माझ्याकडे."

हे खरं होतं. पण बोलताना माणसाने कुठेतरी बघावं लागतं. मी लगेच सारवासारव केली, म्हणजे दुसरी म्हण टाकली. तिच्यात म्हैस होती. माझी बायको नूतन हिने बशी खाली ठेवली. मग मी प्राणी अजिबात नसलेली तिसरी म्हण काढली. तिच्यात टक्कल होतं, आणि गिरजाबाईंचे थोरले दीर बाबाजीकाका माझ्या बरोब्बर समोर, खिडकीच्या उजेडात बसले होते.

बाबाजीकाका उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "गिरजे, पाव्हण्यांना स्टेशनाची रिक्षा बघून दे."

पेणहून सुटलेल्या गाडीत आम्ही तिघं बाकावर बसलो, पण तीन वेगवेगळ्या घरची माणसं बसावीत तसे. मनस्वी खिडकीतून बाहेर बघत होती. कासूला गाडी थांबली तेव्हा मनस्वी म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला काय बोलणार नाय. पण मला प्रणितच पायजे." तिचा आवाज बदलला होता. मी तिच्याकडे बघायच्या आत तिने पुन्हा तोंड खिडकीकडे केलं.

नूतनला मात्र पुष्कळ बोलायचं होतं आणि ती ते नागोठण्यापर्यंत बोलली. शेवटी निकाल दिला. "हे लग्न ठरेपर्यंत तुमच्या तोंडून एक म्हण येता कामा नाय. घरात नाय, कंपनीत नाय, झोपेतसुद्धा नाय. जिभेला सवयच राहायला नको. मग मी बघते त्यांना कसं मनवायचं ते."

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? पण मी रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर आहे. स्टोअरचा निम्मा कारभार म्हणींवर चालतो. हातमोज्यांचा नवा जोड मागायला आलेल्या माणसाला सरळ नाही म्हटलं तर तो भांडतो, युनियनकडे जातो. त्याला एखादी जुनी, वजनदार म्हण ऐकवली तर तो विचारात पडतो. आपल्याला हो म्हणाले की नाही, हेच त्याला कळत नाही. तेवढ्यात मागचा माणूस पुढे येतो. अशा रीतीने मी कंपनीचे किती हातमोजे वाचवले, याची कंपनीला कल्पना नाही. दुःखाच्या प्रसंगी, बारशाला, पगारवाढ झाल्यावर, पगारवाढ न झाल्यावर, मला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. सगळं पूर्वजांनी तयार करून ठेवलेलं आहे. आपण फक्त योग्य वेळी उचलायचं. योग्य वेळ एकदाच चुकली, तर माणसाला आयुष्यातून उठवायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याच्या अष्टमीतल्या आमच्या बिल्डिंगला सगळं कळलेलं होतं. नूतनने फक्त खालच्या मजल्यावरच्या हुस्नबानोला सांगितलं होतं, म्हणजे तेवढं पुरेसं होतं.

बिल्डिंगखाली दुकान चालवणाऱ्या यूनुसने मला थांबवून सल्ला दिला, "चाचा, म्हणी मराठीत येतात ना? मग हिंदीत बोला." सल्ला वरवर बिनतोड होता. मी एक दिवस कंपनीत हिंदीत बोललो. तेव्हा असं आढळलं, की हिंदीत माझ्याकडे म्हणी कमी आहेत, पण आहेत त्या जास्त लागतात. संध्याकाळपर्यंत बॉयलरचा एक फोरमन माझ्याशी बोलेनासा झाला.

हुस्नबानोचा नवरा मन्सूर माझा जुना दोस्त. तो पुष्कळ वर्षं कुवेतला होता, आता इथे टाइल्सचं दुकान चालवतो. कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे कुवेतचा उपाय असतो.

"महिपती, मी तिकडं सिगारेट कशी सोडली माहीत हाय? तलब आली की तोंडात लवंग. दाताखाली धरायची, बस. तोंड कामात असलं की माणूस गप राहतो."

"सिगारेट वेगळी, म्हण वेगळी," मी म्हणालो.

"दोन्ही तोंडातूनच येतात ना?"

यावर मला एक फार चपखल म्हण सुचली. मी लवंग घेतली. उपाय लागू पडला, हे कबूल करायला हवं.

पण साधी एक लवंग घराला पुरते, कंपनीला पुरत नाही. सोमवारी सकाळी स्टोअरच्या खिडकीपुढे हातमोजेवाल्यांची रांग लागली, तेव्हा मी डाव्या गालात एकदम चार लवंगा धरल्या. लवंगेत जीभ बधिर करायचा गुण असतो, हे मन्सूर मला सांगायचं विसरला. त्याच्या कुवेतच्या सिगारेटला जिभेशी कर्तव्य नव्हतं. थोड्याच वेळात माझी जीभ कोणा तिऱ्हाइताची होऊन बसली. डावा गाल फुगलेला, त्यामुळे तोंड एका बाजूला. नेमके त्याच वेळी प्लँट मॅनेजर खिडकीशी आले आणि म्हणाले, "महिपतराव, व्हॉल्व्ह आले का?"

मी "कालच आले साहेब" असं म्हणालो. त्यांना काय ऐकू आलं ते मला माहीत नाही. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"हात वर करा," ते ओरडले. "दोन्ही! हसून दाखवा!"

साहेबांनी असं करायला सांगितल्यावर मी गोंधळलो. एक हात वर केला, कारण दुसऱ्यात रजिस्टर होतं. हसलो, तो गालातल्या लवंगांमुळे वाकडा हसलो. माझा मदतनीस नितेश मागून किंचाळला, "आमच्या साहेबांना लकव्याचा झटका आला!"

आमच्या कंपनीची ॲम्ब्युलन्स वर्षातून एकदा प्रात्यक्षिकासाठी निघते. त्यामुळे खरा पेशंट मिळाल्यावर सेफ्टीवाल्यांच्या अंगात जे बळ आलं ते मी अनुभवलं आहे. मी स्वतः चालत जाऊ शकत होतो. मला चौघांनी उचललं. मी "लवंग, लवंग" असं सांगत होतो. नितेश सगळ्यांना म्हणाला, "लवकर, लवकर म्हणतायत बघा."

गेटवर ॲम्ब्युलन्स अडली. आतला ऑक्सिजनचा सिलिंडर कंपनीचा माल. कंपनीचा माल गेटबाहेर न्यायचा तर गेटपास लागतो आणि गेटपासवर स्टोअरकीपरची सही लागते. हा नियम माझ्याच आग्रहावरून झालेला आहे, आणि नियम म्हणून आजही मला तो योग्य वाटतो. स्टोअरकीपर आत आडवे पडलेत, असं ड्रायव्हरने सांगितलं. सिक्युरिटीवाला मागचं दार उघडून आत आला आणि माझ्यापुढे पेन धरलं. मी आडव्याने सही केली. त्याने ती उजेडात नेऊन पाहिली.

"ही सही जुळत नाय," तो म्हणाला.

सेफ्टी ऑफिसरने त्याला उद्देशून जे शब्द वापरले त्यांत एकही म्हण नव्हती, पण अर्थ पोचला.

रोह्याच्या हॉस्पिटलात पोचेस्तोवर लवंगा गिळून झाल्या होत्या, जीभ जागेवर आली होती आणि गाल उतरला होता. नूतन हुस्नबानोबरोबर रिक्षाने धावत आली तेव्हा मी खाटेवर बसून चहा मागत होतो. मनस्वीला उगाच कशाला घाबरवायचं, म्हणून नूतनने तिला फोनही केला नाही. डोक्याचा फोटो काढून झाला होता, त्यात काही नव्हतं. हे वाक्य डॉक्टरांनी ज्या पद्धतीने उच्चारलं ते मला आवडलं नाही. पण ते तरुण होते. मी सोडून दिलं.

"मला काहीही झालेलं नाही," मी स्वच्छ शब्दांत सांगितलं. "तोंडात लवंगा होत्या."

"किती?"

"चार."

"कशासाठी?"

"म्हणी येऊ नयेत म्हणून."

डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. मग खुर्ची जवळ ओढून एकदम गोड आवाजात म्हणाले, "काका, आपण एक छोटी तपासणी करू. आज वार कुठला? हे गाव कुठलं?" मी वार सांगितला, गाव सांगितलं, शंभरातून सात सात वजा करत खाली आलो. डॉक्टर खूश झाले. "छान. आता शेवटचं. मी एक म्हण सांगतो, तुम्ही अर्थ सांगायचा."

मी नूतनकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"हे मला जमणार नाही," मी म्हणालो.

"का? सोपी सांगतो."

"सोपी असो, अवघड असो. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

मी बायकोकडे बोट दाखवलं. नूतन म्हणाली, "अहो, डॉक्टर विचारतायत! आता सांगा की!" पण एकवीस वर्षांच्या नोकरीत ऑडिटवाल्यांनी मला अशाच गोड आवाजात पुष्कळ सवलती देऊ केल्या होत्या, त्यामुळे मी सावध होतो. मी ओठ मिटून घेतले. डॉक्टरांनी म्हण सांगितली. अर्थ तर मला येत होताच, शिवाय त्यांनी ती चुकीची सांगितली होती. एक अख्खा शब्द इकडचा तिकडे. ही गोष्ट सहन करणं मला त्या दिवसातलं सर्वांत जड गेलं, पण मी काही बोललो नाही.

"आज इथेच ठेवू," डॉक्टर नूतनला म्हणाले. "बघू उद्यापर्यंत काय फरक पडतो."

इकडे ही चैन चालली होती आणि तिकडे नितेशने आपल्या बहिणीला फोन केला होता. त्याची बहीण शकू गडबला राहते आणि गिरजाबाईंकडे पापड लाटायला जाते. बातमी धाटावहून निघताना माझी जीभ अडखळत होती. गडबला पोचेपर्यंत माझी वाचा गेली. पेणला पोचली तेव्हा एक बाजू पूर्ण लुळी होती.

दुपारचा चहा होतो न होतो तोच बाहेर गाडीचा आवाज झाला. मागोमाग, मला बघायला आलेला मन्सूर धावत वॉर्डात शिरला. "महिपती, पेणची मंडळी आलीत! म्हातारी पण हाय आणि तो टोपीवाला पण!"

मी उठून बसणार, तोच दारातून गिरजाबाईंचा हंबरडा ऐकू आला आणि मी दचकून परत आडवा झालो. माझ्याकडून घडलं ते एवढंच. बाकीचं इतरांनी केलं.

गिरजाबाई सरळ खाटेशी आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. "पाव्हणं, माझ्यामुळं झालं हो हे! एवढ्याशा बोलण्यावरून मी तुम्हाला घराबाहेर काढलं. मनाला लावून घेतलंत. गडबची शकू सांगत होती, आठवडाभर एक शब्द सरळ बोलला नाय माणूस!"

मी तोंड उघडणार तोच मन्सूरने पांघरुणावरून माझा पाय दाबला. पलीकडून नूतनने डोळे मोठे केले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या डोळ्यांचा अर्थ मला शिकवावा लागत नाही. गप राहा, असं ते डोळे म्हणत होते.

बाबाजीकाका खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "माणूस वाईट नव्हता," ते म्हणाले.

मी तिथे होतो. ऐकत होतो. पण माणूस आडवा असला की त्याच्याबद्दल लोक भूतकाळात बोलतात.

"ते काय नाय, भावजी," गिरजाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "याच महिन्यात साखरपुडा उरकून टाकू. लग्न पण लांबवायचं नाय. यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे सगळं. नूतनताई, तुम्ही नाय म्हणू नका."

नूतन नाही म्हणाली नाही. तिने पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की रडू, ते मला आजही माहीत नाही. हुस्नबानोने कुठूनतरी साखर पैदा केली. बाबाजीकाकांनी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं. मी पडल्या पडल्या हिशेब केला. लग्न ठरलं होतं. शब्द होता तो लग्न ठरेपर्यंतचा. म्हणजे त्या क्षणी मी कायदेशीररीत्या मोकळा झालो होतो, आणि त्या प्रसंगाला अशी काही फिट्ट बसणारी म्हण माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली होती, की नुसत्या आठवणीने आजही वाईट वाटतं.

तेवढ्यात मनस्वी आली. गिरजाबाईंनी वाटेतून प्रणितला फोन केला होता आणि त्याने तिला मोटरसायकलवर बसवून नागोठण्याहून आणलं होतं. पेणची मंडळी आल्यावर नूतनने खरं सांगायला तिला गुपचूप फोन लावला होता, पण तो तिने रस्त्यात ऐकलाच नव्हता. डोक्यावर हेल्मेट तसंच. ती दारातच थांबली. पुढे येईना. लहानपणी काही मोडलं की अशीच दारात उभी राहायची. तिने खाटेवर मला पाहिलं, गिरजाबाईंच्या हातातला माझा हात पाहिला, आणि हेल्मेटच्या आत ती रडायला लागली.

"बाबा," ती म्हणाली. "मला नको लग्न. मी नाय करत लग्न. तुम्ही बोला फक्त."

मन्सूरने पाय दाबला. नूतनने डोळे मोठे केले. मी उठून बसलो.

"मनू, मी बरा हाय गो. काय झालेलं नाय मला. तोंडात लवंगा होत्या."

शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा उठून बसला. गिरजाबाईंनी माझा हात सोडला. आधी सोडला, मग लांब ढकलला.

"म्हणजे हे सगळं नाटक?"

"नाटक नाय," मी म्हणालो. "मी आडवा होतो, बाकी सगळं तुम्हीच बोललात."

"चल, प्रणित," बाबाजीकाका म्हणाले आणि त्यांनी कॅलेंडर बंद केलं. नूतनने कपाळाला हात लावला. पण गिरजाबाई हलल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यापुढे बसल्या. पापड लाटणाऱ्या बायका त्यांना का घाबरतात, ते मला तेव्हा कळलं.

"त्या दिवशी मी म्हटलं, पोरगी आली की कारभार तिच्या हातात देणार. तेव्हा तुम्हाला नक्की काय बोलायचं होतं? म्हण नको. सरळ सांगा."

मी तोंड उघडलं. तोंडात काही नव्हतं. एवढ्या म्हणी पाठ असलेल्या माणसाला अशा वेळी किती उघडं वाटतं ते सांगता येत नाही. मनस्वीने हेल्मेट काढलं होतं. तिचे केस चेहऱ्याला चिकटले होते.

"तुम्ही तसं बोललात तेव्हा मला वाटलं, घर चांगलं हाय," मी म्हणालो. "पोर इथं दबून राहणार नाय. बरं वाटलं मला. आणि लगेच दुसरं मनात आलं. मग ती तिकडं घर सांभाळणार, आणि आपल्याकडं येईल ती पाहुणी म्हणून येईल. पिशवी घेऊन. संध्याकाळी निघायची घाई असलेली. रोज सहाला मी घरी येतो तेव्हा ती दार उघडते. नाय म्हणजे आता ऑफिसमुळं उशीर होतो तिला. पण तरी. ते तिथं सगळ्यांपुढं कसं बोलायचं? म्हणून..."

"म्हणून मला म्हातारी म्हणालात."

"व्हय."

बाबाजीकाका खिडकीतून बाहेर बघायला लागले. नूतन माझ्याकडे अशी बघत होती, जणू हा माणूस आपण कुठेतरी पाहिलाय, पण आठवत नाही. मनस्वी येऊन खाटेच्या कडेला बसली. माझ्या खांद्याला टेकली.

गिरजाबाईंनी पदराने नाक पुसलं, चांगलं जोरात.

"एवढंच होतं तर एवढंच बोलायचं ना हो," त्या म्हणाल्या. मग नूतनकडे वळल्या. "हे नेहमी असंच करतात?"

"आज पहिल्यांदाच केलं," नूतन म्हणाली.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा माझ्या खाटेभोवती सात-आठ माणसं होती. त्यांतली बरीचशी रडत होती आणि पेशंट साखर खात होता. त्यांनी केसपेपर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ज्यांची तब्येत बरी आहे त्यांनी कृपा करून बाहेर जावं." मीही चपला शोधायला लागलो. त्यांनी मला हाताने खाली बसवलं.

मंडळी बाहेर निघाली. प्रणितने मनस्वीचं हेल्मेट उचललं. बाबाजीकाकांनी दाराशी जाऊन मोबाइलमध्ये पुन्हा कॅलेंडर उघडलं. गिरजाबाई सर्वांत शेवटी उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"पेणहून रोह्याला सकाळी गाडी असते, संध्याकाळी पण असते," त्या म्हणाल्या. "आणि तिला निघायची घाई कोण करणार? मी? मी तिला रविवारी सकाळीच पाठवून देईन. दुपारी झोपू दे तिला इथं. संध्याकाळचा चहा तिच्या हातचा घ्या आणि मग पाठवा. चालेल?"

मला पुष्कळ बोलायचं होतं.

"व्हय," मी म्हणालो.